दहावीचा दाखला, दुसरीचं दुखणं

नववीचा निकाल लागला की काही पालकांना शाळेतून फोन येतो. बाई समजुतीच्या सुरात सांगतात, "याचं लिखाण फारच कच्चं आहे हो. एकदा तपासून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला सवलत मिळेल." मूल पहिलीपासून याच शाळेत आहे.

मग इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नाही?

दिसलं होतं. प्रगतिपुस्तकं काढून बघा. 'अभ्यासात लक्ष नाही', 'अक्षर सुधारावे', 'वाचनाचा सराव आवश्यक'. पहिलीत तेच, चौथीत तेच, सातवीत तेच. बाई बदलल्या, सही बदलली, शेरा बदलला नाही. शेरा लिहून झाल्यावर पुढे काय करायचं, ते कुणी कुणाला सांगितलंच नाही.

कायद्यानं मात्र सांगितलं होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ झाले. त्यात अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीला, जागा मिळाली. कलम १६ म्हणतं, ती लवकरात लवकर ओळखा आणि त्याप्रमाणे शिकवा. कलम १७ म्हणतं, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करा, पहिलं दोन वर्षांच्या आत. म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत. त्या काळात तुमच्या मुलाच्या वर्गात कोण आलं होतं, आठवतंय?

२०१८ मध्ये केंद्रानं सविस्तर सूचनाही काढल्या. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच मुलांची प्राथमिक चाचपणी करायची. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची. पालकांना बोलवायचं, मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणित. क्रम ठरलेला आहे. सुरुवात कुणी करायची, तेही ठरलेलं आहे.

कायदा म्हणतो तिसरी. शाळा म्हणते नववी. मधली सहा वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

ती मुलाच्या खात्यावर पडतात. सहा वर्षांत ते एकच धडा पक्का शिकतं, की आपण 'ढ' आहोत. मोठ्यानं वाचायची वेळ आली की पोट दुखतं. वही हरवते. मागच्या बाकावरची जागा कायमची होते. हा धडा मात्र ते कधीच विसरत नाही.

आणि नववीतच का जाग येते? कारण पुढे दहावी असते आणि दहावीत मुलाबरोबर शाळेचाही निकाल लागतो. फलकावर टक्केवारी रंगवायची असते. मुलाची अडचण शाळेच्या टक्केवारीला भिडली की तपासणी निकडीची होते. तोवर ती एकट्या मुलाची अडचण असते.

याहून सोपी वाट काढणाऱ्या शाळाही आहेत. "१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." मूल बाहेर, निकाल स्वच्छ. ज्या मुलाला शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच शाळेनं दार दाखवायचं. याला शिक्षणसंस्था म्हणायचं?

गैरसमज नको. परीक्षेतली सवलत हा हक्क आहे. महाराष्ट्रानं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना ती १९९६ पासून देऊ केली, देशात लवकर पाऊल उचललं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणिताला कॅल्क्युलेटर. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षा-सूचनांत तासाला किमान २० जादा मिनिटं सांगितली आहेत. यावर 'फुकटचे मार्क' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चष्मा काढून पेपर लिहून बघावा.

पण २० मिनिटांत वाचन येत नाही.

वाचन येतं ते पहिली-दुसरीत, कुणी शेजारी बसून, आवाज आणि अक्षर यांचं नातं पुन्हापुन्हा जुळवून दिलं तर. मूल लहान असताना हे सोपं असतं. पंधराव्या वर्षी तेच काम दसपट अवघड होतं, कारण तोवर मुलाचा स्वतःवरचा विश्वास उडालेला असतो. तपासणी उशिरा करणं म्हणजे निम्मी मदत नाकारणं.

बरं, तपासणीचं शाळांना वावडं आहे असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तरी तीन वर्षांच्या पोराला रंग आणि फळं विचारणाऱ्या 'गप्पा' काही नामांकित शाळांत होतातच. बाहेर ठेवायला तपासणी चालते. आत घेतल्यावर मदतीसाठी मात्र ती कुणाला सुचत नाही.

आता तपासणी होते कशी, तेही बघू.

पहिली पायरी डोळे आणि कान. यात अवघड काही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत यायचं असतं. तरीही फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वही कोरी ठेवणारं मूल 'आळशी' ठरतं आणि अर्धवट ऐकू येणारं मूल 'उद्धट' ठरतं. दोन वर्षं बोलणी खाल्लेल्या पोराला कधीकधी फक्त एक चष्मा हवा असतो.

दुसरी पायरी शिक्षकांची नजर. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाची चाचपणीची यादी आणि अ‍ॅप आणलं, २१ प्रकारांसाठी. चांगलं केलं. पण त्याच बाईंच्या हातात मतदारयादी आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे, चार पोर्टलांची माहिती आहे आणि समोर मुलांनी भरलेला वर्ग आहे. चाळीस मुलांतलं एक अडखळतं मूल ओळखायला त्याच्याजवळ दहा मिनिटं बसावं लागतं. ती दहा मिनिटं बाईंच्या वेळापत्रकात कुणी ठेवली आहेत?

शिक्षकांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांना वेळ दिल्याशिवायही सुटत नाही.

आणि नजर जाते कुणाकडे? जो दंगा करतो त्याच्याकडे. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मुलांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. शाळांनी वाचन-अक्षम म्हणून निवडलेल्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पट होते. संशोधकांनी त्याच मुलांना स्वतः चाचण्या दिल्या तेव्हा तो फरक जवळपास उरला नाही. मुलींनाही वाचता येत नव्हतं. त्या गप्प बसल्या होत्या, एवढंच.

आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलीला 'शहाणी' म्हणतात. शहाणपणाची ही शिक्षा आणखी किती वर्षं?

तिसरी पायरी भाषेची, आणि सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. घरी कोरकू बोलणारं मेळघाटातलं मूल, गोंडी बोलणारं गडचिरोलीचं मूल, गोरमाटी बोलणारं तांड्यावरचं मूल. त्याला प्रमाण मराठीत प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं नाही की बुद्धीवर बोट ठेवायचं. शहरात उलटं. घरी मराठी, शाळा इंग्रजी, चाचणी इंग्रजीत. मूल अडखळलं ते वाचनात की भाषेत?

कॅलिफोर्नियात हा वाद १९७० मध्येच न्यायालयात गेला. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत बुद्ध्यांक चाचणी दिली आणि मतिमंदांच्या वर्गात बसवलं. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेकांचे गुण त्या रेषेच्या वर गेले. 'डायना' खटला म्हणून तो ओळखला जातो. मुलाच्या भाषेत तपासा, हे तिथे कायद्यातच आलं.

आपल्याकडे साधन नाही, ही सबब आता चालत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये आणली. ती मराठीत आहे, हिंदीत आहे, कन्नडमध्ये आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वेगळी चाचपणी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी, आणि ती शिक्षकांनी वापरावी अशीच बेतलेली. मराठीत वाचणाऱ्या मुलाची अडचण इंग्रजीच्या बी-डीमध्ये शोधून कशी सापडणार? ती जोडाक्षरात असते, मात्रेत असते, घ आणि ध मध्ये असते, आधी लिहायच्या आणि नंतर उच्चारायच्या पहिल्या वेलांटीत असते.

तुमच्या शाळेत 'डाली'चं नाव तरी माहीत आहे का? विचारा.

ऊसतोडीचं पोर घ्या. दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जातं, उन्हाळ्यात परततं. त्याला वाचता येत नाही. त्याला अक्षमता आहे, की त्याला शिकवलंच गेलं नाही? अमेरिकेचा कायदा स्पष्ट सांगतो, वाचन नीट शिकवलंच गेलं नसेल तर त्या कारणावरून मुलाला अक्षम ठरवू नका. आधी शिकवा, मग तपासा. ज्या शाळेनं सहा महिने शिकवलं नाही, तिला त्या मुलावर शिक्का मारायचा अधिकार कुणी दिला?

चौथी पायरी बुद्ध्यांक. याचा इतिहास प्रत्येक मुख्याध्यापकानं वाचावा असा आहे. १९०४ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं एक आयोग नेमला, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांची सोय लावण्यासाठी. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली कसोटी दिली. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मानायला त्यांनी ठाम नकार दिला होता. मुलाला कुठे मदत हवी ते कळावं म्हणून त्यांनी ही पट्टी बनवली. जगानं तिचा उपयोग मुलांना वेगळं काढायला केला.

ती कसोटी मराठीत आणणारे डॉ. व्ही. व्ही. कामत. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १९३० च्या दशकात तिचं रूप सिद्ध केलं. मोठं काम. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लर यांच्या कसोटीचं भारतीय रूप दिलं. तेही मोठं काम. दोन्ही आजही आपल्या दवाखान्यांत वापरात आहेत. आजच्या मुलाला आजोबा-पणजोबांच्या पिढीशी तोलायचं आणि आकडा कागदावर ठोकायचा. इतक्या वर्षांत नवी, मोठ्या नमुन्यावरची, मराठी मुलांची कसोटी सगळीकडे पोचू नये, यात कामत आणि मालिन यांचा काय दोष?

आणि तो आकडा मुलाचं काय करतो, बघा. २०१८ च्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमता ठरायला बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा. बौद्धिक अक्षमता साधारण ७० च्या खाली. मधल्या मुलांचं काय? आकडेशास्त्राच्या घंटाकृती वक्रावर ७० ते ८५ च्या पट्ट्यात शंभरातली तेरा-चौदा मुलं येतात. त्यांना सावकाश समजतं, जास्त उदाहरणं लागतात, जास्त वेळ लागतो. कायद्याच्या २१ प्रकारांत ती कुठेच नाहीत.

शंभरातली तेरा-चौदा! म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच. एवढी मुलं दोन रेषांच्या मधे पडतात आणि वर्गाचा गाडा पुढे जातो.

रेषांचं प्रेम इथे थांबत नाही. कायद्याच्या बहुतेक लाभांना ४० टक्के अपंगत्व लागतं. पाय किती वाकतो हे मोजता येईल. वाचन किती टक्के येत नाही, हे कसं मोजणार? आणि समजा आकडा ३८ आला, तर त्या मुलाला मदत कमी लागते का? मदत मुलाच्या वर्गातल्या अडचणीवरून ठरावी. कार्डावरच्या टक्केवारीवरून ती ठरते, तिथेच शिक्षण संपतं आणि कचेरी सुरू होते.

कचेरी सुरू झाली की पालकांच्या चपला झिजतात. मुंबईत शीव, केईएम, नायर ही सार्वजनिक रुग्णालयांची नावं अशा आईबापांना तोंडपाठ आहेत. तिथले डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ मनापासून काम करतात, पण रांग लांब आणि माणसं मोजकी. एका मुलाच्या नीट तपासणीला एकापेक्षा जास्त भेटी लागतात. खासगीत गेलं तर काही हजार रुपये. रोजंदारीवरच्या बापानं किती खाडे करायचे?

ज्याच्याकडे पैसा त्याचं मूल 'डिस्लेक्सिक'. ज्याच्याकडे नाही त्याचं 'ढ'. अडचण एकच, नाव खिशाप्रमाणे.

थोडं पालकांशीही बोलायला हवं. "आमच्या घरात असं कुणी नाही." "त्याचे पप्पाही उशिराच वाचायला लागले." "लोक काय म्हणतील?" हे ऐकून चांगले शिक्षकही गप्प होतात. २००७ च्या 'तारे जमीन पर'ला आपण थिएटरात रडलो. घरी आल्यावर आपल्या पोराची तपासणी मात्र टाळली. ताई, दादा, तपासणीनं मूल बदलत नाही. त्याच्याकडे बघायची तुमची नजर बदलते, आणि त्याला तेवढंच हवं असतं.

परदेशात काय आहे? अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे. पालकांनी संमती दिली की साधारण ६० दिवसांत तपासणी पूर्ण करायची, खर्च सरकारी. एकाच चाचणीवर निर्णय द्यायचा नाही. मूल पात्र ठरलं की ३० दिवसांत बैठक घेऊन त्याच्यासाठी लेखी शिक्षण आराखडा करायचा. निष्कर्ष पटला नाही तर पालक सरकारी खर्चानं दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी मागू शकतात. न्यू जर्सीतल्या मराठी आईला हे नियम कळले की ती ते वापरते. गेवराईतल्या आईलाही तेवढंच मिळायला हवं, नाही का?

तिथे सगळं छान आहे असंही नाही. टेक्सास राज्यानं २००४ मध्ये शाळांपुढे एक आकडा ठेवला, विशेष शिक्षणात साडेआठ टक्क्यांहून जास्त मुलं नकोत. शाळांनी काय केलं? मुलं ओळखणंच कमी केलं. 'ह्यूस्टन क्रॉनिकल'नं २०१६ मध्ये ते उघड केलं आणि २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं राज्याला कायदेभंगाचा दोषी ठरवलं. आकडा कमी दाखवायचा असेल तर मुलाकडे बघायचंच नाही, ही युक्ती जगभर सारखीच आहे.

शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी. अहवाल आला. पुढे काय?

बहुतेक ठिकाणी पुढे फाईल. अहवालात लिहिलेलं असतं, तोंडी विचारा, फळ्यावरचं उतरवायला कमी द्या, शब्द तोडून वाचून घ्या. तो अहवाल लिपिकाच्या कपाटात जातो आणि वर्गातल्या बाईंपर्यंत पोचतच नाही. तपासणीनंतर सोमवारचा तास बदलला नाही, तर तपासणी झाली कशासाठी?

तास बदलायला विशेष शिक्षक लागतात. आपल्याकडे ते गटसाधन केंद्रातून शाळाशाळांत फिरतात. एकाच्या वाट्याला कितीतरी गावं. वर्षानुवर्षं कंत्राटी. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सरकारला बजावलं, सर्वसाधारण शाळांतल्या विशेष शिक्षकांसाठी स्वतंत्र निकष आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरवा. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

करायचं काय, हे गूढ नाही. दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाची त्याच्या भाषेत चाचपणी. आधी डोळे-कान. अडखळणाऱ्या मुलाला प्रमाणपत्राची वाट न बघता त्याच आठवड्यापासून जादा शिकवणं. काही महिन्यांनीही फरक पडला नाही तर तज्ज्ञ, आणि तज्ज्ञ तालुक्याला. अहवाल आईच्या हातात, तिला समजेल अशा मराठीत. वर्गशिक्षिकेच्या टेबलावर एक पानी आराखडा, दर तीन महिन्यांनी उजळणी. यात एकही गोष्ट अशी नाही, जी कायद्याच्या किंवा शहाणपणाच्या विरुद्ध आहे.

मग अडतं कुठे? विचारणारं कुणी नाही, तिथे.

तर विचारा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन प्रश्न घाला. चाचपणी समितीत कोण आहे? या वर्षी तिसरीपर्यंतची किती मुलं तपासली? आणि अहवाल आल्यावर कुणाच्या वर्गात काय बदललं? उत्तरं लेखी मागा, इतिवृत्तात नोंदवून घ्या. तुमचं स्वतःचं मूल पटापट वाचत असेल तरीही मागा. ज्याचं मूल अडखळतं, तो बाप बैठकीत मान खाली घालून बसलेला असतो, त्याच्या वतीनं मागा.

समितीत बहुमत तुमचं आहे. वापरा.